उलटी पट्टी

बाहिया ब्लांकाच्या बंदरात जुलै म्हणजे हाडं गोठवणारा.
गहू जहाजात गेलेला, सायलो नंबर नऊ रिकामा,
आत मी आणि बासुआल्दोबाई,
रात्रशाळेच्या, कोटाच्या बाहीला कायम खडू.
"फुगा फोड," म्हणाल्या.

फोडला.
काँक्रीटनं तो आवाज आधी जोरात परत केला,
मग निम्म्यानं,
मग निम्म्याच्याही निम्म्यानं, आणि गप्प.
बाईंनी वहीत टिपलं : चार, दोन, एक.
"हा याचा स्वभाव. आता तू काहीही कर,
तो असाच वागणार."

मी टाळ्या वाजवल्या. दोनच्या जोराची,
मग एकच्या, मग तीनच्या.
आणि सगळं कालवलं गेलं :
पहिलीचं शेपूट दुसरीच्या पायात,
दोघींचं मिळून तिसरीच्या अंगावर.
यातून काय वेचायचं, कसं?

पहारेकऱ्याच्या खोलीत, म्हणजे बाबांच्या,
वजनकाट्याच्या जुन्या पावत्या कापून
बाईंनी दोन पट्ट्या केल्या.
"एक उलटी धर. सरकव. समोरासमोरचे गुण. बेरीज कर.
मग अजून एक घर सरकव."

उलटी का?
मला रागच आला. उत्तर येतं म्हणून हात चालवायचा?
बाईंनी मातेची नळी ओठांना लावली,
बोलल्या नाहीत.

बोलले ते बाबा, बूट शेकोटीपाशी वाळवत.
"नेलिदा, तुझी आई रागावायची तेव्हा
आजचा राग सगळाच्या सगळा मिळायचा,
कालचा निम्मा,
परवाचा चिमूटभर.
आणि हे सगळं जेवणाच्या एकाच ताटात.
आज मोजायला बसलास
तर आजपासूनच मागे मोजशील ना?"

मी पट्टीकडे पाहिलं.
तिसऱ्या टाळीच्या क्षणी उभी राहिले :
तीन ताजी, तिला चार.
एक जरा शिळी, तिला दोन.
दोन सगळ्यात जुनी, तिच्या वाट्याला एक.
बारा, दोन, दोन. सोळा.
काळ कुणीच उलटा केला नव्हता.
मीच मागे वळून पाहत होते, एवढंच.

मग हात आपोआप चालला :
आठ, आठ, सोळा, सात, तीन.
बाईंनी ताळा घेतला :
टाळ्यांची बेरीज सहा, स्वभावाची सात,
सहा गुणिले सात, आणि इकडेही बेचाळीस.
खुशीत त्यांनी माते सांडला.

पण मी मोजत होते दुसरंच.
टाळ्या तीन. उत्तरं पाच.
माझे हात खिशात गेल्यावरही
सायलो दोन ठोके बोलत राहिला होता,
सात,
तीन.

"ते कुणाचे?" मी विचारलं.
"तुझेच," बाई म्हणाल्या, "फक्त तू थांबलेली असतेस."

बाबांनी बूट उलटे केले.
वाळू पडली थोडी.
आई जाऊन त्या जुलैत दुसरं वर्ष लागलं होतं,
आणि स्वयंपाकघरात ते अजूनही
कपाटाचं दार हळूच लावायचे,
कुणी रागावू नये म्हणून.

त्यांचं शेपूट किती घरांचं, मी विचारलं नाही.
पट्टी तेवढी खिशात ठेवली,
उलटीच.