फ्रॉग मेला आहे

जेवणाच्या टेबलावर नको, कुमुदने पहिल्याच दिवशी बजावलं,
टेबलावरून आगगाडी फिरवायला
आपण काय महालात राहतो?
म्हणून मागच्या खोलीत एक जुनं दार आडवं टाकलं
आणि त्यावर माझी श्योपूरची छोटी लाइन:
घोसीपुरा, मोतीझील, बामोर गाव,
सुमावलीचं स्टेशन औषधाच्या खोक्याचं,
डब्यांच्या टपांवर ज्वारीचे दाणे चिकटवलेले.
ते प्रवासी. टपावर माणसं नसतील
तर ती आमची गाडी नव्हे.

रूळ जमले. तारा जमेनात.
पस्तीस वर्षं ए.जी. ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासले;
जमाखर्च कळतो, प्लस-मायनस नाही.

मग शेजारची नेहल भदौरिया आली,
पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष,
अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोवलेला.
ती हिंदीत सांगते, मी मराठीत उतरवून घेतो,
कामाचे शब्द मात्र दोघांचेही नसतात.

फीडर:
मी लिहिलं, भरवणारी.
लांब रुळाच्या टोकापर्यंत करंट दमतो,
दर तीन फुटांवर खालून एक तार जोडायची,
घास भरवावा तशी.
कुमुद दारातून म्हणाली, "हे तुम्हाला आत्ता कळतंय?"
त्या पानावर पुढे काही लिहिलेलं नाही.

सोल्डर म्हणजे डाख.
हा शब्द माझ्याकडे होता, मोडीत न घातलेल्या
एखाद्या तांब्यासारखा. नेहलला देऊन टाकला.
ती आता नजरबागेत जाऊन बिनधास्त "डाख" मागते
आणि दुकानदार माझ्याकडे बघतो.

रेझिस्टरला पुस्तकात रोधक म्हटलंय.
रोध, विरोध नव्हे.
अडवायचं नाही, फक्त सावकाश जा म्हणायचं,
नाहीतर एवढासा सिग्नलचा दिवा
पहिल्याच उत्साहात जळून जातो.
(असे तीन जळले.)

दोन रूळ एकमेकांना कापतात त्या फुलीला
म्हणतात फ्रॉग. का, ते नेहललाही ठाऊक नाही.
तिथे प्लास्टिक असतं, करंट नसतो,
आखूड इंजिन नेमकं त्यावरच येऊन बसतं.
"अंकल, फ्रॉग डेड है!" ती ओरडली
आणि कुमुद सुपली-झाडू घेऊन धावत आली.

सगळ्यात अवघड, रिव्हर्स लूप.
गाडी फिरून त्याच रुळावर परत आणायची
तर डावा रूळ जाऊन उजव्याला भेटतो
आणि फ्यूज उडतो.
दोन दिवस माझ्या डोक्यात शिरेना.
नेहलने कागदाची पट्टी वळवून दाखवली, बोट फिरवलं, व्यर्थ.
तिसऱ्या दिवशी दूध आणायला निघालो.
घरातून निघताना मराठीत कुरकुरत होतो,
दौलतगंजच्या वळणावर पोचेस्तोवर हिंदीत भांडत होतो,
आणि पिशवी घेऊन परतलो तेव्हा
उंबऱ्यावर क्षणभर कोणतीच भाषा नव्हती.

तिथेच गॅप ठेवायचा!
लूपच्या दोन्ही तोंडांशी रूळ कापायचे, नखाएवढे.
गाडी आत असताना बाहेरचा स्विच उलटा करायचा.
आमच्या सात पिढ्या इथे हेच करत आल्या,
नुसतं वायरिंग कागदावर नव्हतं.

काल संध्याकाळी पहिल्यांदा पूर्ण फेरी.
सुमावली गेलं, जौरा गेलं, लूप बिनबोभाट,
परत येताना मोतीझीलच्या सांध्यावर
लाइट गेली. सगळ्या कॉलनीची.
इंजिन फ्रॉगवर थांबलं.

पण डब्यांमध्ये नेहलने चार-चार डायोड
आणि एकेक कॅपॅसिटर बसवला होता, मला न सांगता.
काळोखात तीन डब्यांच्या खिडक्या पेटलेल्याच,
टपावर ज्वारीची माणसं, सावल्यांसकट.
"बीस सेकंड चलेगा," ती म्हणाली.
कुमुद मेणबत्ती शोधायला उठली होती,
ती तशीच उभी राहिली.

कॅपॅसिटरपुढची जागा वहीत अजून कोरी आहे.
धारित्र असा शब्द आहे म्हणे.
बघू.