खंडूचा ट्रॅक

निनाद पुण्याला गेला तेव्हा
हेडफोन ठेवून गेला, चहावाल्याची उधारी ठेवून गेला,
फक्त ती बोटभर चावी घेऊन गेला
जी खुपसल्याशिवाय जुना प्रोग्राम दार उघडत नाही.
तीस दिवसांची फुकट मुदत मिळाली मला.
तेवढ्यात नऊ वर्षांचं बिऱ्हाड हलवायचं.

लोकमान्य नगर, पिठाच्या गिरणीवरची खोली.
खाली दळण, वर ध्वनिमुद्रण.
रात्रीच वाजवून घ्यायचो आम्ही,
पण दिवाळीच्या तोंडावर भाजण्यांची रांग लागे
आणि पट्ट्याची घरघर बारापर्यंत भिंतीतून चढत राही.
जुन्या प्रोग्रामात निनादने एक चाळणी बसवली होती.
त्यातून गिरणी गळून जायची, सूर राहायचा.

विंचू बरा, त्याचं सगळं पाठीवर.
इथे नवं घर म्हणतं, आवाज तेवढे आणा,
बाकी सामान आमच्याकडे चालत नाही.
मग बसा एकेक तुकडा शून्यापासून शिवत:
जो क्लॅरिनेट तिसऱ्या मिनिटाला पहिल्यांदा बोलतो
त्याच्या पुढे तीन मिनिटांची मुकी पट्टी जोडायची,
नाहीतर तो दारातच वाजायला लागतो,
हार यायच्या आधी पोचलेल्या वरातीसारखा.

नावं तेव्हाच नीट लिहायला हवी होती.
‘ऑडिओ १७’. ‘ऑडिओ १७ नवा’. ‘नवा खरा’. ‘हाच घे’.
‘हाच घे’ उघडला
तर त्यात निनाद दोन कट चहा मागवतोय.

मल्हारी साळुंख्यांचे सहा टेक.
छत्रीबागेचे. चाळीस वर्षं घोडीपुढे फुंकून
गेल्या वर्षी समोरचे दात काढले.
कवळी लावून फुंकलं की सूर कडेने सांडतो, म्हणतात.
म्हणजे आहे ते एवढंच.
‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणायची सोय नाही.

अकराव्या रात्री सगळं एका ओळीत लागलं.
ते सहज म्हणून आले होते, स्टुलावर बसले.
मी प्ले दाबलं.
आधी गिरणी आली,
चाळणी जुन्याच घरी राहिली होती ना.
मग खोकला, जो निनादने गुपचूप खाली ओढून ठेवला होता.
मग क्लॅरिनेट:
जड, संथ, काळी दोनवरून घसरलेला,
पांढरी दोन ओलांडून
काळी एकला न पोचता मधेच उभा.

चूक मला लगेच कळली.
तिकडे सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार दाणे,
इथे चव्वेचाळीस हजार शंभर.
तेच दाणे पुरवून पुरवून वाटले जात होते.
बदलून घेऊ का, असं त्याने विचारलंही असणार,
मी घाईत नाही म्हटलं असणार.
माऊसकडे हात गेला.

‘थांब भिया,’ मल्हारी म्हणाले,
‘हा मी नाही. हा खंडू आहे.’

खंडू, थोरला.
दम मोठा, चाल अशी की घोडीवाला शिव्या द्यायचा.
चौकातल्या चौकात अर्धा तास,
नवरदेव पेंगायला लागे.
त्याचं कुणी काही टेप केलं नाही.
‘काका, ही आकड्यांची गडबड आहे.’
‘असेल. तो पण गडबडच होता.’

शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी.
खालची गिरणी कधीच बंद झाली होती.
वरची चालू होती.

मग मी आकडा दुरुस्त केला.
सूर काळी दोनवर चढला, मल्हारी परत आले,
चांगले वाजवत होते.
स्टुलावरचे मल्हारी काही बोलले नाहीत.
कवळी काढून रुमालात गुंडाळली
आणि जिना उतरताना
दोन पायऱ्यांवर थांबले.

यादीत तळाशी आता एक ट्रॅक जास्त आहे,
म्यूट केलेला, नाव नीट लिहिलेला.
मुदतीचे एकोणीस दिवस उरलेत.
गिरणी गाळायची चाळणी इकडे कुठे मिळते
ते शोधायला हवं.
अजून शोधलेलं नाही.