प्रजातीचा रकाना

देवळाली कॅम्पात एकोणीस नंबरच्या बंगल्यामागे
एक काटेरी झुडूप उभं आहे.
सुकदेव निरगुडे त्याला साहेबाची बोर म्हणतो.
बोर नाही ती. बोरीचे काटे जोडीनं,
एक सरळ, एक आकडी;
याचा एकटाच, इंचभर,
टोचला की दोन दिवस ठणकतो.

पान खोल कातरलेलं, कोथिंबिरीची थोरली बहीण.
गोवर्धनेबाईंनी भिंग धरलं,
हॉथॉर्न, म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.
कारण पुढं विचारायचं होतं: कुठलं?
फळात एक बी निघाली तर एक जात,
दोन निघाल्या तर दुसरी.

निरगुडे हसला. फळ?
तीस वर्षं पाणी घालतोय, बाई.
फूलसुद्धा एकदाच,
निफाडला द्राक्षांवर दव गोठलं, माणसं रात्रभर
बागांत शेकोट्या घेऊन बसली, त्या साली.
पाच-सहा फुलं. पांढरी.
वास?
मासळीचा थोडा. खोटं कशाला बोलू.

मी प्रयोगशाळेचा शिपाई, लेबलं माझ्या अक्षरात.
फांदी वर्तमानपत्रात दाबली,
कांद्याच्या भावांचं पान वर आलं.
ठिकाण, तारीख. कुळ: गुलाबाचं.
प्रजातीपुढं बाईंनी प्रश्नचिन्ह सांगितलं,
तेही पेन्सिलीनं.
शाईची घाई नको, म्हणाल्या.

खाली ‘स्थानिक नाव’ रिकामं होतं.
बाई चहाला गेल्यावर
तिथं मी शाईनं लिहिलं:
साहेबाची बोर.
सांगणार, सु. निरगुडे.