बटण

मिरजेला ॲडमिट केलं तेव्हा त्याच्या नखांत अजून
सांगलीच्या यार्डातली हळद होती.
पेस्ट लावायच्या आधी मुजावर सिस्टरनं
कापसानं कानामागं पुसलं.
कापूस पिवळा.
"लग्नातनं आलाय का काय?" म्हणाल्या.
दोघंही हसलो नाही.
आमच्या हळदीत सगळ्यांना ठाऊक होतं,
मला तेवढं सांगितलं नव्हतं.

डोक्यावर पंचवीस वायरी, वरून पांढरी पट्टी,
वायरींची वेणी पाठीवरून खाली डब्यात.
भिंतीवर कॅमेरा. कॉटला दोन्हीकडून कठडे.
आणि माझ्या हातात एक बटण,
दारावरच्या बेलसारखं:
झटका येतोय वाटलं की दाबायचं.

मग गोळ्या कमी केल्या.
निम्म्या. मग निम्म्याच्या निम्म्या.
नऊ वर्षं भाकरी थापायच्या आधी मी त्या मोजल्या,
आणि इथं डॉक्टर म्हणतात, येऊ दे,
आल्याशिवाय कळणार कसं, कुठनं येतं ते.

ज्याला हाकलायला कांदा फोडला, चप्पल हुंगवली,
सासूनं किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला,
त्याचीच आता वाट बघायची,
चहाचं आधण ठेवून बघतात तशी.

पहिला दिवस गेला. नाही आला.
दुसऱ्या रात्री झोपू द्यायचं नव्हतं.
पत्ते खेळलो. पत्ते संपल्यावर तो हळदीवर बोलत बसला,
राजापुरी, सेलम,
कुठलं हळकुंड मोडताना कसं वाजतं.
पलीकडच्या कॉटवर कवठेमहांकाळची बारावीची पोरगी.
तिची आई सिस्टरना विचारत होती,
कॉलेजच्या दाखल्यावर आजाराचं नाव
जरा बारीक अक्षरात लिहाल का.

तिसऱ्या दिवशी, दुपारी सव्वातीन.
पेरू खाताखाता थांबला.
"गूळ करपलाय," म्हणाला.
गूळ कुठंच नव्हता.
मग ओठ चावल्यासारखे, बोटं चादरीत काहीतरी शोधत,
मग नजर माझ्यातनं आरपार.

सिस्टर धावल्या. कुशीवर वळवलं.
तोंडात काही कोंबलं नाही, हात दाबून धरले नाहीत.
साध्या आवाजात म्हणाल्या,
"भूपाल, एक शब्द लक्षात ठेवा. रांजण."
अशा वेळी शब्द!
तो लक्षात ठेवणार नाही म्हणून मीच मनात,
रांजण रांजण रांजण.

एक मिनिट चाळीस सेकंद.
नंतर विचारलं, कुठला शब्द होता?
तो माझ्याकडं बघत राहिला,
वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा.
जीभ चावलेली, चादर ओली,
आणि तिकडं सगळे खूश, "छान रेकॉर्ड झालंय."
मलाही बरं वाटलं.
मग बरं वाटलं याचंच कसंतरी झालं.

संध्याकाळी डॉक्टरांनी पडदा दाखवला.
रेषा शहाण्यासारख्या चाललेल्या, आणि एकाएकी चवताळलेल्या.
"डाव्या बाजूला, एवढ्याशा जागेतनं."
ऑपरेशन होईल का, आत्ता सांगता येत नाही.
अजून चाचण्या आहेत.

शेजारच्या चौकटीत व्हिडिओ.
त्याचा झटका गल्लीनं पाहिलेला,
हमालांनी पोती टाकून पाहिलेला,
त्यानं एकट्यानंच पाहिला नव्हता.
मी म्हटलं, नको बघूस.
तो म्हणाला, पुन्हा लावा.

"ताई, बटण अकरा सेकंद उशिरा दाबलंत."
डॉक्टर रागावल्या नव्हत्या, नोंद करत होत्या.
पडद्यावर मी:
एक हात त्याच्या डोक्याखाली,
दुसऱ्यानं ताटली लांब ढकलतेय,
बटण गादीवर पडलंय.

"ही दर वेळी असंच करते?"
मला नाही, डॉक्टरांना विचारलं त्यानं.

रात्री सिस्टरनं बटण परत माझ्या हातात दिलं.
कठड्यातनं हात काढून
त्यानं ते स्वतःकडं ओढून घेतलं.
"झोप तू जरा," म्हणाला,
"गूळ करपला की मीच दाबतो."