टॉलरन्स

उद्यमबागेत लेथवर असतो मी.
दोन शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झालं
की जॉब रिजेक्ट.

गोळी सुरू केली, चौथ्या दिवशी
मायक्रोमीटर हातात थरथरला.
तोंड कोरडं, नुसत्या जांभया,
पहाटे चादर पिळून काढावी इतका घाम.
भरमा म्हणाला, सोड की त्या गोळ्या, कुंदा खा.
विनोद कळला,
खरं हसू आलं नाही.

हुक्केरी डॉक्टरांनी गालाच्या आतून
कापसाची काडी फिरवली,
डबी बेंगळुरूला गेली.
रिपोर्ट इंग्रजीत आला,
त्यांनी कन्नडात सांगितला,
मी मराठीत घरी आणला:
माझं यकृत हे औषध फार सावकाश फोडतंय,
कालची गोळी जायच्या आत आजची येऊन बसतीय.
सगळंच यात कळत नाही, असंही म्हणाले.
गोळी बदलली. अर्ध्यानं सुरुवात.

रात्री जेवताना अप्पा आठवला.
धारवाडच्या दवाखान्यातनं आणलेल्या गोळ्या
परड्यात शेवग्याखाली पुरायचा.
आत आग होतीय रे, म्हणायचा.
आम्ही म्हणायचो, नाटकं.
आई ताकात कुस्करून द्यायची
आणि हात मी धरायचो त्याचे,
घट्ट, व्हाइसमध्ये धरल्यासारखे.

रिपोर्ट परत उघडला.
वरच्या कोपऱ्यात, सॅम्पल नंबरशेजारी:
केदारी नागोजी हुंदरे.

मधलं नाव त्याचं.
ताक तसंच राहिलं ताटाशेजारी.