पाय मोडलेली अक्षरं

सकाळी सात. अंबाजोगाईचा दवाखाना, खिडकी नंबर चार.
उपाशीपोटी आलेल्यांची रांग
फाटकाजवळच्या लिंबापर्यंत गेलेली.
प्रयागबाई डोईफोडे बाही वर सारते.
शीर सापडत नाही तिची, दोन बोटांनी चाचपते मी.

"बाई, मी गोडाला शिवत नाही.
च्या बी बिनसाखरंचा.
मही धाकली, गंगासागर, पेढ्याचा पुडा एकटी संपवती,
तिला काहीच नाही.
एका चुलीवरचं खाल्लं दोघींनी.
मग मलाच काहून?"

नळी भरत येते. जन्म कधीचा, मी विचारते.
"दुष्काळातली हाय. आखाजीच्या आगंमागं.
माय पाझर तलावावर खडी फोडायची, मी पोटात.
सुकडी भेटायची, ती थोरल्याला चारायची.
तांबडी मिलो तिला पचायची नाही."
धाकटी पाच वर्षांनंतरची.
तोवर दारात शेळी आली होती.

फॉर्मवर रकाना आहे : घरात कुणाला साखर? हो / नाही.
पोटात असताना घरात काय शिजत होतं,
असा रकाना नाही.

माझे वडील केजच्या रस्त्यावर पाट्या रंगवायचे,
रसवंती, पंक्चर, चारा मिळेल.
ब्रश धुताना म्हणायचे, अक्षर तेच असतं पोरी, खुणा बघ.
वेलांटी फिरली की 'दिन'चा 'दीन'.
'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा.
एकदा पत्र्यावर 'जगत' लिहिलं,
मग 'त'च्या खाली बारीक तिरकी रेघ : 'जगत्'.
पाय मोडला, म्हणाले.
त कुठं गेला नाही,
नुसता आवाज कापला त्याचा.

हे आठवलं औरंगाबादला, प्रशिक्षणात.
पडद्यावर पिळलेली शिडी, जनुकांची,
आणि तिच्या पायरीला चिकटलेला
एक कार्बन, तीन हायड्रोजन.
सर सांगत होते, मजकूर बदलत नाही, वाचणं बदलतं;
भूक खुणा करते, धूर करतो, जागरण करतं.
मी वहीत एकच शब्द लिहिला : हलन्त.

प्रयागबाईच्या आत काय झालं, मला माहीत नाही.
नळीत दुष्काळ दिसत नाही.
कितीही गरगर फिरवा, तो तळाशी बसत नाही.
पण वाटतं, आत बसल्या बसल्या त्या जीवानं
घणाचे ठोके ऐकून अंदाज बांधला असेल :
जग असंच असणार, दाणा दाणा राखून ठेव.
त्या दिवसांना ते बरोबरच होतं.
मग रेशनचा तांदूळ आला, बिस्किटं आली,
तालुक्याला बसून शिवणकाम आलं,
आणि शरीर अजून राखूनच ठेवतंय.
दुष्काळ उठला, हे त्याला कुणी कळवलंच नाही.

कापूस दाबून धरत ती विचारते,
"मग हे पुसत नाही का?"
टर्पेंटाइनचा वास आला मला.
ओली रेघ लगेच निघायची. वाळलेली, घासून, थोडी.
काही राहायचीच.
चालत जा रोज टेकडीपर्यंत, मी म्हणाले, झोप नीट घ्या.
"झोप!" ती हसली. "रातभर लाईट नाही, डास हायेत,
आन् सून सहा म्हयन्याची."

सून बाकावर होती, भादव्याच्या उन्हानं
मानेपर्यंत भिजलेली.
"हिचं बी रगत बघता? लेकराचं कळंल?"
ते नाही कळत. शेंगदाणे द्या तिला, डाळ घट्ट करा,
सावलीत बसू द्या.

प्रयागबाईनं कापूस खाली टाकला,
मग वाकून उचलला आणि डब्यात टाकला.
"यंदा टोळीत नाही धाडायची हिला,"
मला नाही, सुनेलाही नाही,
मुकादम फोनवर असावा तसं, मोठ्यानं.

फॉर्मच्या कडेला मी पेन्सिलीनं लिहिलं :
त्र्याहत्तर. खडी. सुकडी.
डॉक्टर विचारतील, हे काय म्हणून.
खोडरबर ड्रॉवरमध्येच होतं.
नंबर बावन्न, मी पुकारलं, बाही वर करा.