कोपरभर खोल

रेनमार्कला जानेवारीत
सकाळी नऊलाच पत्रे तडतडायला लागतात.
मी दुकानाचं शटर वर करतो तेव्हा
स्टाव्रूला आधीच उभी असते,
काळा पोशाख, पुरुषी चपला,
हातात ऑलिव्हची बरणी
आणि बरणीत तिच्या परसातल्या तलावाचं पाणी.

"क्लोरीन नाहीच," ती म्हणते.
"रोज घालते. रोज शून्य.
तुझ्या पावडरीत दम नाही, पोरा."
(मी पन्नाशीचा. तरी पोरा.)

झाकण काढलं तर खारवणाचा वास.
बाई, निदान विसळायची तरी.
"तीनदा विसळली.
माझ्या घरात चमच्यांनाही हाच वास येतो."

मग तिनं वही ठेवली काउंटरवर,
शाळकरी, चौकटीची, कोपरे दुमडलेले.
लेफ्टेरीसची.
दर रविवारी त्यानं तीन आकडे लिहिलेले.
पहिला क्लोरीनचा. दुसरा पीएचचा.
तिसऱ्याला मथळाच नाही.
बावीस, बावीस, वीस,
मग चौदा, मग नऊ,
मार्चमध्ये चार,
आणि ईस्टरनंतर नुसत्या चौकटी.
मला वाटलं, क्षारता असेल.
पण एवढ्या कमी क्षारतेत
फरशीचा गिलावासुद्धा टिकला नसता.

नळीत पाणी घेतलं दहा मिली.
गोळी चुरडली.
एक झळक आली गुलाबी,
डोळ्याची पापणी लवते तेवढीच,
आणि पाणी परत पाण्यासारखं.

"बघ," ती म्हणाली. "शून्य."

हे समजावणं अवघड असतं.
लोकांना वाटतं, मी माल खपवतोय,
किंवा माल खपवायचं टाळतोय.
म्हणालो, हे शून्य नाही.
क्लोरीन इतका आहे
की त्यानं रंगच खाऊन टाकला.
थोडा असता तर गुलाबी दिसला असता.
फार झाला की काहीच दिसत नाही.

ती गप्प.
पंख्याखाली वहीची पानं फडफडत राहिली.

एक भाग तिचं पाणी, चार भाग साधं.
दुसरी गोळी.
आता रंग आला आणि थांबला,
बिटाच्या कोशिंबिरीच्या तळाशी उरतो तसा.
चार. गुणिले पाच. वीस.
"वीस?" ती म्हणाली. "त्याचा कधी तीनच्या वर गेला नाही."

काही घालू नका, मी म्हटलं.
आच्छादन काढून ठेवा,
बाकीचं ऊन खाईल.
कुणाला उतरू देऊ नका तोवर.
"कोण उतरणार आहे?
मुलगा ब्रिस्बेनला. मला पोहता येत नाही.
एकतीस वर्षं मी काठावर टॉवेल धरून उभी."

आणि पाणी काढताना हात कुठवर घालता?
तिनं बोटाचं पहिलं पेर दाखवलं.
नाही. कोपरापर्यंत.
बरणी पालथी न्यायची, खाली गेल्यावर उताणी करायची.
वरच्या पाण्याचं काही खरं नसतं.

पैसे घेतले नाहीत. म्हणून भांडली.
दुपारी दुकानाच्या पायरीवर
वर्तमानपत्रात गुंडाळलेली वांगी सापडली, सात.

गुरुवारी बेचाळीस अंश.
शुक्रवारीही.
सोमवारी ती आली तेव्हा
बाही खांद्यापर्यंत ओली होती.
गोळी चुरडली: फिकट गुलाबी, टिकणारा.
तीन.
बोलले काहीच नाही आम्ही,
फक्त तिनं माझ्याकडचं पेन मागून घेतलं
आणि तारीख घालून तीन लिहिले.

पुढच्या सोमवारी केस ओले.
काळ्या पोशाखाच्या पाठीवर
पाण्याचा मोठा, वेडावाकडा नकाशा.
मी आकडे सांगितले, तिनं लिहून घेतले,
तीन, सात पूर्णांक चार,
आणि बिनमथळ्याच्या रकान्यात,
मला न विचारता,
गोल, सावकाश अक्षरात:
अर्धी.

मग बरणीचं झाकण घट्ट लावून म्हणाली,
"वांगी शिजवलीस का?
की फेकलीस?"